घोणशीचा अंगरखा

"तांदळात खडे, दारात गिऱ्हाईक, आन् सकाळधरनं च्या एकदाच," आत्याबाई माझ्या खांद्यामागे पुटपुटल्या. मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं, पण मी उत्तर द्यावं एवढ्या मोठ्यानं नाही. माझ्या सासूबाईंना हा मधला आवाज फार छान जमायचा.

जानेवारीतल्या शनिवारची सकाळ होती, साडेनऊचा सुमार. घराच्या पुढच्या खोलीत आमचा एसटीडी बूथ होता. थंडीच्या दिवसांत ऊन फक्त फोनच्या टेबलापाशी यायचं, म्हणून आत्याबाई सूप घेऊन तिथंच बसायच्या. बाहेर ओट्यावर हे, म्हणजे माझे यजमान उत्तम, कुणाच्या तरी विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीत नवी तार भरत होते. मोटारी भरणं हा धंदा आणि साप पकडणं हा नाद. धंद्यावर घर चालायचं, नादावर गावात नाव होतं.

नादात माझी अर्धी भागी होती. मी नववीपर्यंत शिकलेली. सापांचं जे काही समजलं ते ग्रामपंचायतीच्या वाचनालयातल्या एका पुस्तकातून आणि यांनी पिशवीतून आणलेल्या सापांकडे दोन हात लांबून बघत. हात मी कधी कुठल्या सापाला लावला नाही. पण मला साप फोनवरून ओळखता यायचे. कुणाच्या न्हाणीघरात, कुणाच्या कडब्यात साप निघाला की फोन आमच्याकडे. मी विचारायची, जाड का बारीक, डोकं कसं, पट्टे का चट्टे, शेपूट कसं, आवाज करतो का. धामण असली की सांगायची, दार उघडं ठेवा, जाईल आपोआप. नाग, मण्यार, घोणस असली की यांना पाठवायची. आठ वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते. निदान चुकले असं सांगायला कुणी आलं नव्हतं.

शाळाशाळांत आम्ही कार्यक्रमही करायचो. त्यासाठी मी जुन्या लुगड्यांचे साप शिवले होते, आत भुसा भरून. जोडीजोडीनं दाखवायची. ही मण्यार आणि हा तिच्यासारखा दिसणारा कवड्या. ही घोणस आणि हा डुरक्या. मुलांना डुरक्याची गोष्ट फार आवडायची. मी म्हणायची, "डुरक्या गरीब आहे. त्याला विष नाही, पळायला येत नाही, फणा नाही. मग त्यानं काय केलं? घोणशीचा अंगरखा चढवला. बघणारा म्हणतो, अगं आई, घोणस! आणि दोन पावलं मागं सरतो. तेवढ्यात हा मातीत शिरतो." मग मी दोन्ही लुगडी शेजारी शेजारी धरायची. घोणशीच्या पाठीवर सुटे सुटे गोल, साखळीच्या कड्यांसारखे, तीन रांगांत. डुरक्याचे चट्टे वेडेवाकडे, एकात एक मिसळलेले, आणि शेपूट बोथट, जणू कुणी विळ्यानं तोडलं.

मग हे पिशवीतून खरा डुरक्या काढायचे आणि मुलांच्या हातात द्यायचे. पोरं आधी किंचाळायची, मग रांग लावायची. "भीती गेली पाहिजे," हे म्हणायचे. त्यांचं भाषण एवढंच.

त्या सोमवारी साखर कारखान्याच्या शाळेत कार्यक्रम ठरला होता. हजारभर मुलं, चेअरमन येणार, वनखात्याचे साहेब येणार. यांना त्या साहेबांकडून ओळखपत्र मिळण्याची आशा होती, म्हणजे रात्रीबेरात्री पिशवी घेऊन जाताना कुणी पोलीस हटकणार नाही. पण आमच्याकडे डुरक्या नव्हता. कायद्यानं साप पाळता येत नाही. सोडायला दोन-चार दिवस उशीर तेवढा करता येतो. आधीचा दिवाळीतच सोडला होता. दोन आठवडे हे जेवताना रोज विचारत होते, "आला का गं डुरक्याचा फोन?" जसा काही मुलीच्या स्थळाकडून निरोप यायचा होता.

शनिवार उजाडला तरी आला नव्हता. आणि मग फोन वाजला.

"हॅलो! सापवाल्या म्याडम का?" पलीकडून बाई एवढ्या मोठ्यानं ओरडत होती की फोनची गरजच नव्हती. "म्या हौसा! वाडीच्या शाळंत खिचडी करती! सरांच्या फोनवरनं बोलतीय!"

"हळू बोला हौसाबाई, ऐकू येतंय. साप कुठं आहे?"

"तांदळाच्या पोत्यामागं. येटोळं घालून बसलाय."

"जाड आहे? आखूड?"

"व्हय, मनगटागत. लांबीला काय न्हाय."

मी खुर्चीत सरळ झाले. "चॉकलेटी चट्टे असतील बघा."

"हैत की."

"वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले."

ती जरा थांबली. "तसंच म्हनायचं."

"शेपूट बोथट असेल, तोडल्यासारखं."

"शेपूट पोत्याखाली हाय वो."

"बोथटच असणार. फुत्कारतोय का? कुकरच्या शिट्टीसारखा?"

"न्हाय न्हाय. गप पडलाय बिचारा."

ती आणखी काही सांगत होती. मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि ओट्याकडे ओरडले, "अहो! डुरक्या!"

यांनी हातातली तार तशीच सोडली. पन्नाशीला आलेला माणूस पोरासारखा हसला. खुंटीवरची कापडी पिशवी खांद्याला अडकवली आणि स्कूटरला किक मारायला लागले.

"काठी?" मी विचारलं.

"डुरक्याला काठी? अपमान वाटेल त्याला."

"जेवायला येनार का न्हाय?" आत्याबाई सुपातून मान न उचलता म्हणाल्या.

"येतो की. पाहुणा घेऊन येतो."

पुढचं मला हौसाबाईकडून कळलं, आणि तेही तुकड्यातुकड्यानं. खिचडीच्या खोलीला एकच खिडकी, तीही पोत्यांनी अर्धी झाकलेली. साप भिंतीच्या कोपऱ्यात. थंडीनं गारठलेला, अंगावर तांदळाच्या कोंड्याची पूड. यांनी दारातूनच एक नजर टाकली आणि मास्तरांना म्हणाले, "पोरांना बोलवा की. बिनविषारी आहे. बघू दे." पोरं दारात गोळा झाली. यांनी पोतं एका हातानं ओढलं आणि दुसरा हात मागे घातला. शिट्टी आधी यायला हवी होती. ती नंतर आली.

पाऊण तासानं पुन्हा फोन. या वेळी पाटोळे सर, वाडीच्या शाळेचे मुख्याध्यापक.

"वहिनी, उत्तमरावांना तालुक्याच्या दवाखान्यात नेतोय. साप चावला."

"डुरक्या चावतो कधीकधी, सर," मी हसले. होय, हसले. "चार ओरखडे उठतात. डेटॉल लावा."

सर म्हणाले, "वहिनी, हात कोपरापर्यंत सुजलाय. आणि तो साप अजून खोलीत शिट्टी मारतोय."

आम्ही तालुक्याला पोचेपर्यंत यांना इंजेक्शनं देऊन झाली होती. तिथून ॲम्ब्युलन्सनं जिल्ह्याला. आत्याबाई आणि मी मागच्या बाकावर. हात भोपळ्यासारखा झाला होता, कातडी चकाकत होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं आणि हे ते गिळून बोलायचा प्रयत्न करत होते.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "साप बघितला का? कुठला होता?"

"घोणस," हे म्हणाले. "आता ओळखतो मी, डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. मला मात्र त्या क्षणी हसू आलं होतं. अशा वेळी माणसाचं तोंड आपलं ऐकत नाही.

रविवारी सकाळी पाटोळे सर भेटायला आले. हातात प्लास्टिकची पिशवी. पोरांच्या पालकांनी घोणस मारली होती, डॉक्टरांना दाखवायला आणली होती. मला बघायची गरज नव्हती. तरी मी व्हरांड्यात पिशवी उघडली. कोंडा झडून गेला होता. पाठीवर गोल गोल कडी, सुटी सुटी, प्रत्येकाला काळी किनार आणि तिच्याबाहेर बारीक पांढरी. तीन रांगा. शेपूट निमुळतं. माझ्या लुगड्याच्या घोणशीपेक्षा हिची साखळी जास्त नीट होती.

"त्या बाईनं घात केला, वहिनी," सर म्हणाले. "फोनवर धड सांगता आलं नाही तिला. मी वर्गात होतो, नाहीतर मीच बोललो असतो. संस्थेच्या लोकांना सांगितलंय मी. उद्यापासून येऊ नको म्हणालोय तिला."

मी पिशवीला परत गाठ मारली. नवरा आत मरणाशी झुंजत असलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. लोक येत होते, माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि एकमेकांत हौसाबाईचं नाव घेत होते. मी फक्त न हलता बसून होते.

दुपारी यांना जरा बरं वाटलं. मी ओठांवरचं वाळलेलं रक्त ओल्या कापसानं पुसत होते.

"उद्याचा कार्यक्रम," हे म्हणाले.

"राहू दे तो."

"कळवलंस का?"

कळवलं नव्हतं. सोमवारी हजारभर मुलं मैदानात उन्हात बसून होती, असं नंतर कळलं.

"अहो," मी म्हणाले, "ती फोनवर म्हणाली होती..."

"नको." त्यांनी डोळे मिटले. "बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. बस."

"पण मी..."

"पाणी दे."

मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, दुसऱ्यात रक्त मिसळलं. खाटेच्या पायथ्याशी आत्याबाई बसल्या होत्या, पोराच्या पायाचे तळवे चोळत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग परत तळव्यांकडे.

संध्याकाळी हौसाबाई आली. एसटीनं, एकटी, फडक्यात भाकरी आणि झुणका बांधून. मी तिला पहिल्यांदा बघत होते. आवाजावरून दांडगी वाटली होती. निघाली चिमणीएवढी, कपाळावर विटलेलं गोंदण. दारात उभी राहिली, आत यायला धजेना.

"म्याडम, कसं हाय?"

"आहे."

"मला सर म्हनाले, तू चुकीचं सांगितलंस." ती पदर तोंडाशी धरून बोलत होती. "मला खरंच काय कळतंय वो. म्या कुठं सापाकडं बघितलंय कधी. तुम्ही इचारलं तसं म्या व्हय म्हनत गेले. तुम्ही शिकल्या-सवरल्या. म्हटलं, तुमास्नी म्हाईत असंल. शेवटाला म्हटलं बी होतं, पाठीवं साखळी घातल्यागत दिसतंय म्हून. पन फोन ठेवला तुम्ही. का कट झाला?"

"कट झाला," मी म्हणाले.

खरं सांगते, फोन कट झाला नव्हता. मी रिसीव्हरवर हात ठेवला होता आणि मग तो खाली ठेवून दिला होता. पण त्या हाताखालूनही 'साखळी' हा शब्द मला आला होता. स्पष्ट. बोटांच्या फटीतून उजेड येतो तसा. आणि मी ओरडले होते, डुरक्या.

हौसाबाईनं मान हलवली. "तसंच म्हनायचं," ती म्हणाली, आणि भाकरीचं फडकं आत्याबाईंच्या हातात देऊन गेली. आत्याबाईंनी ते घेतलं, सोडलं नाही, रात्रभर मांडीवर ठेवून बसल्या.

सोमवारी लघवी लाल झाली, मग काळी, मग बंद. यांना डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, रक्त गोठत नाही, जिथं सुई टोचू तिथून वाहतंय. सोमवारी संध्याकाळी हे मला ओळखत नव्हते; मोटारीच्या तारेचा गेज विचारत होते कुणाला तरी. मंगळवारी सकाळी दहा वाजता गेले.

साप चावून गेलेला माणूस लगेच घरी नेता येत नाही. आधी पोलीस, मग पोस्टमॉर्टेम, मग घर. शवागाराबाहेर पत्र्याची शेड होती, खाली सिमेंटचे बाक. आत्याबाई एका टोकाला, मी दुसऱ्या. पाटोळे सर आले होते, भावकीतली दहा-बारा माणसं होती, आणि हौसाबाईला पोलिसांनी बोलावून घेतलं होतं. ती जमिनीवर बसली होती, बाकावर जागा असून.

हवालदार जगदाळे मांडीवर पाटी ठेवून, कागदात कार्बन घालून जबाब लिहीत होते. माणूस वाईट नव्हता. फक्त दुपारच्या आत संपवायचं होतं, आणि शेडमधल्या प्रत्येकालाच संपवायचं होतं.

"नाव?"

"हौसा मारुती खरात."

"तूच फोन केला होतास?"

"व्हय."

"म्हणजे तू साप बघितला, पण नीट बघितला नाहीस. बरोबर?"

"...व्हय."

"अंधार होता खोलीत."

"हुता की."

"घाबरली होतीस. मग तू सांगितलंस की साप बिनविषारी आहे."

ती गोंधळली. "तसं न्हाय म्हनाले म्या..."

"म्हणजे तुझ्या सांगण्यावरून त्यांना तसं वाटलं. असंच ना?"

हौसाबाईनं वर बघितलं, माझ्याकडे नाही, हवालदारांच्या पेनाकडे. "तसंच म्हनायचं," ती म्हणाली.

तिचा तो आवाज मी ओळखला. शनिवारी सकाळी साडेनऊला तो माझ्या कानात येत होता आणि मला तो उत्तर वाटला होता.

पाटोळे सर म्हणाले, "हवालदारसाहेब, तेवढं सविस्तर घ्या. संस्थेला लागेल कागद. चौकशी लावलीय तिची."

"माजी पोरगी धाव्वीला हाय, सर," हौसाबाई म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. "परीक्षा हैत मार्चला."

यांच्या चुलतभावानं तंबाखू मळता मळता हात थांबवला, मग पुन्हा मळायला लागला. मला तेव्हा वाटत होतं की त्यांना माहीत नाही. आज वाटतं, निम्म्यांना तरी ठाऊक असणार. गावात सापाचा फोन कुणाकडे जातो आणि 'कुठला साप' हे कोण ठरवतं, हे शाळेतलं पोर सांगेल. पण नवरा गेलेल्या बाईला ते कोण म्हणणार? आणि समोर जमिनीवर बसलेली एक बाई होती, सगळ्याला व्हय म्हणणारी.

हवालदारांनी माझा जबाब वाचून दाखवला. तो त्यांनीच लिहिला होता, मी दोन वाक्यं बोलले असेन. "...सदर महिलेने फोनवरून सापाचे वर्णन चुकीचे सांगितल्याने माझे पती गैरसमजाने विनासाधन सापाजवळ गेले व त्यांना दंश झाला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." शेवटचं वाक्य वाचून त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "तक्रार नाही म्हटलंय, ताई. तिला पोलिसांचा त्रास नाही व्हायचा. करा सही."

त्यांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. पेन दिलं. निळ्या रिफिलचं साधं पेन, टोपण चावलेलं.

वहिनी, करा, असं मागून कुणीतरी म्हणालं. एकदा मोकळं झालं की नेता येईल त्यांना.

मी पेन कागदाला टेकवलं. मी काय करणार होते ते मला आजही सांगता येत नाही. एवढी वर्षं झाली, मी स्वतःला अनेकदा विचारलं. दर वेळी उत्तर मला हवं तसं येतं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्या नावाचा 'मा' काढून झाला होता. मालनमधला मा. तो त्या कागदावर होता, एवढं खरं.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या.

चार दिवसांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. लेकाचं तोंड झाकलं तेव्हाही नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. त्या बाकावरून उठल्या, गुडघ्यावर हात टेकत चालत आल्या, आणि माझ्यापाशी न येता हौसाबाईपाशी गेल्या. तिच्या शेजारी खाली जमिनीवर बसल्या.

"सायेब," त्या म्हणाल्या, "खोडा त्ये."

"आजी, काय झालं?"

"हिचं नाव खोडा म्हनते." त्यांनी हौसाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज तो मधला नव्हता, पुटपुटण्याचा. शेडच्या पार टोकापर्यंत गेला. "म्या फोनच्या शेजारी बसले हुते. ही बया पलीकडनं काय म्हनत हुती त्ये मला ऐकू येत न्हवतं. पन माजी सून काय बोलत हुती, त्ये समदं ऐकलंय म्या. चट्टं असतील. शेपूट बोथट असंल. माज्या लेकाला डुरक्या पायजे हुता, आन् सुनंला त्यो त्याला द्यायचा हुता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ही इचारत न्हवती, सायेब. ही सांगत हुती."